कागदावर शिवलेली खरपुडी

आमच्या नातेवाइकांत लग्न असो की बारसं, जेवणं उरकून मंडपातल्या खुर्च्या गोल झाल्या की कुणीतरी मला म्हणतं, "ती कपाटातली गोष्ट होऊ द्या." मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. खरं तर पहिल्यांदाही लागत नाही. कुणी म्हणालंच नाही, तर मी स्वतःच विषय रुईवर आणतो, आणि रुईवरून कपाटावर यायला मला दोन वाक्यं पुरतात.

गोष्ट अशी. पुण्यात वनस्पतींचं एक मोठं संग्रहालय आहे. तिथं लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांत जाड कागदांवर वाळवलेल्या वनस्पती जपून ठेवलेल्या आहेत. त्यातल्या एका कागदावर खरपुडी नावाची रानवेल आहे. पुस्तकात तिला कंदीलपुष्प म्हणतात, कारण तिचं फूल खरंच बोटाच्या पेराएवढ्या कंदिलासारखं असतं, खाली फुगीर आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना जुळलेली. कूळ रुईचं, पण रुईसारखी कुठंही उगवणारी नव्हे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून आलेला या वेलीचा तिथं एकच कागद आहे, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर संग्राहक म्हणून माझं नाव आहे.

इतकीच गोष्ट. पण सांगता सांगता ती वाढली. पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती वेल आणताना आमच्या शिरूर तालुक्यातल्या इनामगावला लागलेलं घोड नदीचं पाणी माझ्या घोट्याएवढं होतं. माझ्या लग्नापर्यंत ते गुडघ्याला लागलं. मुलगी शाळेत जायला लागली तोवर मी छातीभर पाण्यातून, डोक्यावर वही धरून, पलीकडच्या काठाला पोचलो होतो. बायको एकदा पंगतीतच म्हणाली, "अहो, पुढच्या लग्नाच्या आत पोहायला शिकून घ्या."

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी सणसवाडीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर झालो. झाडांची पानं मोजायची ती बोल्ट मोजायला लागलो, एवढाच फरक. स्टोअरमध्ये मी फार कडक आहे, असं मीच नव्हे, बाकीचेही म्हणतात. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी हवी, माल कुठून आला, कधी आला, कुणी आणला. बाहेरगावाहून आलेली नवीन पोरं चिठ्ठी न लावता खोकं ढकलायला लागली की मी हिंदीत गरजतो, "बिना टॅग का माल मेरे रॅक पे नहीं चढेगा." ती मला मागून 'टॅगवाले चाचा' म्हणतात. मला ते आवडतं. आवडत होतं, असं म्हणायला हवं.

मुलीनं एम.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं तेव्हा मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की हे रक्तातच असावं लागतं. तिचा प्रकल्पही असा निघाला, की जणू माझ्यासाठीच कुणीतरी काढला होता. रुईच्या कुळातल्या रानवनस्पतींचे आपल्या दोन तालुक्यांतले जुने कागद संग्रहालयात जाऊन बघायचे, चिठ्ठीवर लिहिलेली जागा शोधायची, आणि ती वनस्पती तिथं अजून आहे का ते नोंदवायचं. पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "बाबा, रुईचं वेगळं कूळ आता राहिलं नाही. कण्हेरीच्या कुळात घेतलंय."

"कधी?"

"बरीच वर्षं झाली."

"मला कुणी कळवलं नाही."

"तुम्ही स्टोअरमध्ये होतात," बायको आतून म्हणाली.

रुई तिला सगळीकडं सापडली. ती तर आमच्या स्टोअरच्या मागच्या भिंतीतून उगवते, आणि शनिवारी मारुतीला हार करायला लोक तिथूनच पानं नेतात. कुंपणाकुंपणाला उतरण होती, हरणदोडी होती. या सगळ्या कुठंही भेटणाऱ्या. प्रकल्पाला वजन येणार होतं ते एका खरपुडीनं. संग्रहालयात तिला तो कागद मिळाला तेव्हा तिनं फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, तुमचं अक्षर तेव्हा चांगलं होतं."

मी तो फोटो कारखान्यात सगळ्यांना दाखवला. जेवणाच्या सुट्टीत दाखवला आणि चहाच्या सुट्टीत पुन्हा दाखवला.

चार दिवसांनी ती घरी आली ती तोंड पाडून. तिच्या गाईड मॅडमनी चिठ्ठी वाचली होती. जागेच्या रकान्यात मी लिहिलं होतं: 'इनामगाव, आप्पांच्या विहिरीमागे, मुरमाड उतारावर, झुडपात.' मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता, "कुठले आप्पा?" मग त्या म्हणाल्या होत्या, की एक तर ती वेल त्या जागी सापडायला हवी, नाहीतर ज्यानं गोळा केली त्यानं नेमकी जागा दाखवून खात्री द्यायला हवी. दोन्ही जमलं नाही तर अहवालात 'नोंद संशयास्पद' असं लिहायचं आणि नकाशावरून तो ठिपका काढायचा. तो ठिपका गेला की प्रकल्पात उरणार रुई, उतरण आणि हरणदोडी. ते तर कुणीही शेळीमागं फिरून सांगेल.

"आणि फुलं श्रावण-भाद्रपदातच असतात," मुलगी म्हणाली. "फूल नसलं तर जात पक्की सांगता येत नाही. दिवाळीनंतर प्रकल्प द्यायचाय. म्हणजे आत्ता नाही तर नाहीच."

"त्यात काय," मी म्हणालो. "मी आहे ना. रविवारी जाऊ."

हे मी ज्या ठसक्यात म्हणालो त्याचं मला आजही कौतुक वाटतं. कारण अडचण एवढीच होती, की खरपुडी गोळा केली त्या दिवशी मी इनामगावला गेलोच नव्हतो.

झालं होतं असं. मी कॉलेजात असताना आक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न झालं आणि ती दौंड तालुक्यात भांडगावला गेली. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणजे लेकीला माहेरी आणायला घरचं माणूस जायलाच हवं. तो मुराळी मी. आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या कॉलेजची सहल इनामगावला, नदीकाठच्या वनस्पती गोळा करायला. सरांनी बजावलं होतं, जो सहलीला येणार नाही त्याचं सबमिशन मी बघणार नाही. मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "सर वरीसभर दिसत्याल. पोरीची पयली पंचिम एकदाच येती." मी भांडगावची एसटी धरली.

येताना आक्का खिडकीशी बसली होती. चौफुला मागं पडल्यावर तिनं पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मुळासकट उपटलेली वेल होती, तीनचार फुलांसकट, आणि खाली छोट्या कांद्याएवढा कंद. "खरपुडी हाय," ती म्हणाली. "आप्पांच्या इहिरीमागं मुरमात असती, झुडपाच्या आत." आप्पा म्हणजे तिचे सासरे. तिनं कंदाची माती पदराला पुसली, एक घास तोडला आणि उरलेली वेल माझ्यापुढं धरली. "खा की. ग्वाड लागती."

मी ती घेतली, पण खाल्ली नाही. कंदिलासारखं फूल बघितलं आणि माझ्या डोक्यात एकदम सबमिशन पेटलं. तिथंच, हलत्या एसटीत, मी ती वेल वहीत दाबली. आक्का काहीतरी म्हणत होती. मी ऐकलं नाही.

घरी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ती ठेवली, वर लोखंडी ट्रंक आणि ट्रंकेवर बाजरीचं पोतं. कंद जाड असला की तो कागदात नीट दबत नाही, कापावा लागतो, पण आक्काच्या घासानं ते काम अर्धं केलंच होतं. रोज कागद बदलायचे. आई म्हणायची, "त्यापरीस कोथमीर वाळवली असतीस, तर घरात खाल्ली तरी असती." आक्का राखीपर्यंत राहिली. वेल वाळल्यावर जाड कागदावर शिवायची असते, आणि माझे टाके बघून तिनंच सुई हातातून काढून घेतली. गोधडीचा लाल दोरा, गोधडीचाच धावता टाका. चिठ्ठी मात्र मी लिहिली. 'आप्पांची विहीर' आक्काच्या तोंडची. 'इनामगाव' सरांच्या धाकाचं.

सरांनी कागद बघितला आणि ते इतके खूश झाले, की मी सहलीत दिसलो नाही याचं कारण त्यांनी स्वतःच शोधलं: "तू पुढं गेला असशील." मी मान हलवली. त्यांनी तो कागद पुण्याला पाठवला. मान एकदा हलली की ती परत जागेवर आणता येत नाही. मग मी गोष्टीत पाणी वाढवत गेलो.

आता रविवारी इनामगावला जाण्यामागं माझा हिशोब सरळ होता. खरपुडी काय, एखाद्या झुडपात असेलच. एक सापडली की माझी चिठ्ठी उशिरा का होईना खरी होईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही.

न्हावऱ्यावरून मोटारसायकलनं आम्ही सकाळीच पोचलो. गावात शिरताना एका पत्र्याच्या शेडमध्ये चहाचं दुकान होतं. दुकानदार चाचा शेळ्याही पाळत होते, दोन दुकानाच्याच खांबाला बांधलेल्या. मी रुबाबात विचारलं, "चाचा, आप्पांची विहीर कुठं?"

"कुठल्या आप्पांची?"

"जुने आप्पा. तीसएक वर्षांपूर्वीचे."

चाचांनी चहा गाळता गाळता माझ्याकडं नीट बघितलं. "तवाचे आप्पा आता आबा झाले, न्हाईतर गेले. आन् तवाची पोरं आता आप्पा झाली. तुमाला ह्यातलं कोन पायजे?"

मुलगी खाली बघून हसली. चाचा तिला म्हणाले, "ताई, मडकी उकरायला आलाय का? हितं जुनं गाव उकरून काढल्यापासनं जो गाडीवरनं उतरून जमिनीकडं बघतो, तो मडक्यांसाठीच आलेला असतो."

"मडकी नाही चाचा, वेल शोधतोय."

"मग चहा घ्या आन् चला. दुकान शेरडं सांभाळत्याल."

चाचांनी आम्हाला एकामागून एक चार आप्पांच्या विहिरी दाखवल्या. प्रत्येक आप्पांकडं चहा झाला. एका आप्पांनी विहीर दहा वर्षांपूर्वीच बुजवली होती, तरी जागा दाखवायला ते काठी टेकत आले. तिसऱ्या आप्पांनी तर मला ओळखलंच. "आठवतंय की. कालेजची पोरं आलती. तुमी त्यातले टोपीवाले ना?"

मी आयुष्यात टोपी घातलेली नाही. "हो," मी म्हणालो, "टोपीवालाच."

मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. तारीख, वेळ, 'स्थानिक व्यक्तीनं संग्राहकास ओळखले'. तिच्या पेनाचा तो आवाज मला आवडला नाही.

मी नदी दाखवायला म्हणून हात केला आणि चाचांनी माझा हात धरून दुसऱ्या बाजूला वळवला. "नदी तिकडं हाय, साहेब."

दुपार व्हायला आली तेव्हा चाचांनी मुलीला वेलीचा फोटो पुन्हा मागितला. डोळ्यांजवळ धरून बघितला. "ही खरपुडी व्हय? मग आधी सांगायचं की. मी रोज शेरडं घिऊन फिरतो. हितं नदीची काळी माती. हिला पानी सोसत न्हाई, कंद सडतो. हिला मुरूम लागतो, कोरडा, उताराचा." मग त्यांनी माझ्याकडं न बघता, अगदी सभ्यपणे, पुढचं वाक्य म्हटलं. "तुमच्या चिठ्ठीत मुरूम लिवलाय, तर मग गाव दुसरं असंल."

दुकानात परत येऊन बसलो. मुलगी बराच वेळ फोनवर फोटो मोठा करून बघत होती.

"बाबा, या कंदाला कुरतडल्याची खूण आहे. मी नोंदीत लिहिलंय, 'उंदरासारख्या लहान प्राण्याने खाल्लेला भाग.'"

"असेल."

"पण चार दात एका ओळीत आहेत. रुंद. उंदराचे असे नसतात." तिनं फोन माझ्यापुढं ठेवला. "आणि हा लाल दोरा. आपल्या घरातल्या सगळ्या गोधड्यांना हाच टाका आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये पांढरा दोरा असायचा, असं तुम्हीच सांगता."

माझ्या स्टोअरमध्ये एखाद्या पोरानं इतकं बारकाईनं बघितलं असतं, तर मी त्याचा पगार वाढवायची शिफारस केली असती. मी चहाचा कप खाली ठेवला.

"तो उंदीर भांडगावला असतो," मी म्हणालो. "तुझी आत्या."

सगळं सांगितलं. मुराळी, एसटी, घास, ट्रंक, सरांचा अंदाज, माझी मान. चाचा शेळीला पाला देत होते, पण कान आमच्याकडंच होते. मुलगी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं वही उघडली आणि 'टोपीवाले' ही ओळ एका सरळ रेघेनं खोडली.

"मॅडमना मी काय सांगू?"

"जे आहे ते सांग."

"ते मी नाही सांगणार. तुम्ही सांगायचं." मग म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलंय, बाबा. वर्गात. हा कागद माझ्या वडलांचा आहे म्हणून."

इतकी वर्षं ज्या कागदावर मी मिरवलो, त्यावर आता तीही मिरवली होती, आणि तिचं मिरवणं खोट्याच्या आधारावर मीच उभं केलं होतं. चाचांनी चहाचे पैसे घेतले नाहीत. "भांडगाव लांब न्हाई," एवढंच म्हणाले. "न्हावऱ्यावरनं चौफुला, मग डावं का उजवं ते तुमाला ठाऊक असंल, तिकडं तर गेला होता ना तुमी."

आक्का पडवीत लसूण निवडत बसली होती. आम्हाला असं न सांगता आलेलं बघून तिचा हात थांबला. "समदी बरी हायत ना?"

"सगळे बरे आहेत, आत्या," मुलगी म्हणाली आणि सरळ फोन तिच्या हातात दिला. "हे ओळखा."

आक्कानं चष्मा लावला. फोटो जवळ घेतला, लांब केला. "माझा टाका हाय ह्यो." मग, "आन् ही तर खरपुडी. त्या पंचमीची." मग तिला तो कंद दिसला. ती माझ्याकडं वळली. "माझा घास चिकटवला व्हय रं कागदाला?"

"कापत बसायला नको म्हणून..."

"आत्या, मी तर लिहिलं होतं, उंदरानं खाल्लाय."

"मला उंदीर म्हनली व्हय?" आक्का इतकी हसली की लसणाची टोपली सावरायला मुलीला वाकावं लागलं. मग चिठ्ठीत काय लिहिलंय ते मुलीनं वाचून दाखवलं. इनामगाव म्हटल्यावर आक्का हसायची थांबली.

"इनामगाव कुठनं आलं?"

मी सांगितलं. दिवसातून दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट बरीच लहान झाली होती. पाणी तर अजिबात नव्हतं.

आक्का लसणाच्या पाकळ्या बाजूला सारत राहिली. "ती मी आईला दाखवाया आनली व्हती," ती म्हणाली. "नवी व्हते. तीन म्हैनं ह्या घरात माझ्यासंगं कुनी धड बोललं न्हवतं. त्या दिसी सासू इहिरीमागं गवताला घिऊन गेली, झुडपात हात घालून ही काढली, पुसली आन् म्हनली, खा पोरी. मला वाटलं आईला दावावं, म्हंजी तिचा जीव भांड्यात पडंल. एसटीत तुला तेच सांगत व्हते. तू वहीत घातलीस."

"मी ऐकलं नाही."

"तू कवा ऐकलंयस." हे तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ती अगदी सहज म्हणाली, जसं माझं वय सांगावं.

ती उठली. चपला घातल्या. "चला. हाय का न्हाई ते बघू."

आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली, विहीर मात्र आहे, वर आता मोटारीची पेटी बसवलेली. विहिरीमागचा मुरमाचा उतार बघून मुलीचा चेहरा उतरला. अर्धा उतार नव्हताच. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम उचलून नेला होता आणि जेसीबीच्या दातांच्या खुणा मातीत तशाच होत्या. उरल्या तुकड्याच्या टोकाला शेंदूर लावलेला म्हसोबाचा दगड आणि त्याच्याभोवती बोरीचं, हिवराचं काटेरी झुडूप.

"डायवर म्हनला, मशीन त्याच्या फुडं न्यायची न्हाई," आक्का म्हणाली. "माझ्या पोरानं लई सांगितलं. ऐकना. म्हनला, दुसरा डायवर बघा."

मी आणि मुलगी झुडपाभोवती फिरून फांद्यांत बघत होतो. मी मोठ्या आत्मविश्वासानं दोनदा उतरण दाखवली. आक्का आमच्यासारखी फिरली नाही. ती म्हसोबाला हात जोडून खाली बसली, मांडी घालून, आणि झुडपाच्या बुडाशी काट्यांमधून हात आत सारला. डोळे भलतीकडंच. बोटांनी चाचपत होती, जसं अंधाऱ्या कोठीत डबा शोधावा.

"ह्यो बघ देठ. जाड असतो जरा. आता ह्याच्यासंगं वर जा."

मुलीनं तिच्या बोटावर बोट ठेवलं आणि देठाबरोबर नजर वर नेत गेली. गुडघ्याच्या उंचीला, बोरीच्या दोन काट्यांमध्ये, एक कंदील होता. फिकट हिरवा, वर जांभळट टोकं. थोडं पलीकडं अजून दोन.

मुलगी फोटो काढायला लागली, फोनवर जागेची खूण घेतली, पुन्हा फोटो काढले, मोजपट्टी धरून काढले. आक्कानं तोवर खुरपं शोधायला सुरुवात केली होती.

"आत्या, काय करताय?"

"काढते की. तुला चाखाया."

"नको नको. एवढीच तर राहिली असेल. उपटायची नाही."

"मग हुडकली कशाला?"

"आहे म्हणून लिहायला."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. "तुझ्यापरीस शानी हाय. तू तर समदीच घिऊन गेलतास."

मंगळवारी रजा टाकून मी मुलीच्या गाईड मॅडमपुढं उभा राहिलो. वयानं त्या माझ्याहून लहान. मी चिठ्ठीचं सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या चिठ्ठी फाडतील किंवा कागदच बाद करतील. त्यांनी आधी नवे फोटो आणि जुना कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघितलं आणि जात तीच आहे म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं, की संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक आहे तशीच ठेवतात आणि तिच्याशेजारी दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी लावतात, तारीख आणि सहीसह, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही वाचता येतं. मला ही पद्धत एकदम पटली. आमच्या स्टोअरमध्ये असं असतं तर माझ्या पहिल्या दोन वर्षांतली रॅकं दुप्पट रुंद करावी लागली असती.

"नकाशावर?" मुलीनं विचारलं.

"शिरूरमधला ठिपका जाईल. दौंडमध्ये येईल, आणि आजही जिवंत आहे म्हणून." मॅडमनी मला कोरी चिठ्ठी दिली. "तुम्हीच लिहा. तुमचंच अक्षर हवं."

म्हणजे माझ्या तालुक्याचा एकुलता एक ठिपका मी माझ्याच हातानं भीमेपलीकडं नेऊन ठेवला. लिहायला बसलो. जागा: भांडगाव, म्हसोबाच्या दगडाभोवतीचं झुडूप, आप्पांच्या विहिरीमागे, आणि शेजारी मुलीनं दिलेले जागेचे आकडे. संग्राहक या रकान्यापाशी थांबलो आणि आक्काला फोन लावला.

"तुझं नाव घालतोय."

"माझं कशाला? काढून सासूनं दिली. तिचं घाल."

"रकाना लहान आहे, आक्का."

"मग बारीक लिव. पयलं सासूचं, मग माझं. आन् तुझं घालू नगंस."

"दाबून वाळवली तर मीच ना."

"ते आईच्या ट्रंकंनं केलं."

मॅडम आणि मुलगी दोघी ऐकत होत्या. मी बारीक अक्षरात दोन्ही नावं लिहिली. शेरा या रकान्यात लिहिलं, की कंदावरची खूण माणसाच्या दातांची आहे, उंदराची नाही. खाली दुरुस्ती करणारा म्हणून सही केली. संग्रहालयातल्या त्या कागदावर आता माझं नाव दोनदा आहे, एकदा चूक करणारा म्हणून आणि एकदा ती कबूल करणारा म्हणून. आधी एकदाच होतं, हे मी बायकोच्या लक्षात आणून दिलं. ती काही प्रभावित झाली नाही.

मुलीचा प्रकल्प दिवाळीनंतर गेला. खरपुडीचं पान तिनं सगळ्यात पुढं ठेवलं, आणि त्यात 'वडिलांनी दिलेली दुरुस्ती' असा एक परिच्छेद आहे. तो तिनं मला वाचायला दिला नाही. मी तिच्या मागं उभा राहून वाचला. बरा लिहिलाय.

गेल्या महिन्यात आक्काच्या नातवाचं बारसं होतं, भांडगावलाच. जेवणं झाली, खुर्च्या गोल झाल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "ती कपाटातली गोष्ट होऊ द्या." मी समोर बघितलं. पहिल्याच रांगेत आक्का, मांडीवर बाळ, शेजारी माझी मुलगी.

मी घसा साफ केला. "मी भांडगावला मुराळी म्हणून गेलो होतो," मी सुरू केलं. "येताना एसटीत आक्का खिडकीशी बसली होती..."

"खिडकीशी तू बसलावतास," आक्का म्हणाली. "मला उलटी हुती म्हनून सांगितलं, तरी उठला न्हाईस. हां, आता फुडं सांग."